आई, येऊन राहिल्या ना?

माझ्या सासूबाई कवयित्री आहेत असं सांगितलं, की आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या चँडलरच्या मराठी मंडळातल्या बायका हमखास विचारतात, "अय्या, हो? आणि स्वयंपाक?"

"करतात ना. भातात शिंपले घालतात, कवचासकट," मी सांगते. "पण कविता अशी करतात की ऐकत राहावं." यावर सगळ्या हसतात. त्यांना वाटतं मी थट्टा करतेय. अजिबात नाही. माझ्या माहेरी शिकलेली माणसं पोत्याने आहेत, पण छापलेल्या पुस्तकावर नाव असलेलं एकही नाही. सासूबाईंची पुस्तकं आमच्या हॉलमधल्या शेल्फवर ओळीने उभी आहेत, तीही दोन भाषांतली, आणि ती दाखवल्याशिवाय मी पाहुण्याच्या हातात पाण्याचा ग्लाससुद्धा देत नाही. नवरा म्हणतो, अति करतेस. म्हणू दे. त्याला चिपवरचा दिसणारसुद्धा नाही एवढा बारीक दोष सापडतो, आईच्या पुस्तकांवरची धूळ दिसत नाही.

सासूबाई बार्सिलोनाजवळच्या एका लहान गावच्या. त्यांचा मुलगा इथे चँडलरला चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, मीही त्याच कामातली. तिथेच आमचं जमलं. मी नागपूरची. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईने फोनवर विचारलं होतं, "मुलगा स्पॅनिश आहे ना?" मी म्हटलं, "कातालान आहे." आई म्हणाली, "अरे बाप्पा! ते कोण असतात?" तेव्हापासून हे समजावणं माझ्या मागे लागलंय, ते आजतागायत सुटलेलं नाही. कातालान ही वेगळी भाषा आहे. मराठी जशी हिंदीची बोली नाही, तशी तीही स्पॅनिशची बोली नाही. तिकडे ज्यांच्या घरात कातालान असते, त्यांना स्पॅनिशही येतेच, आणि भांडायची वेळ आली की ते दोन्हीत भांडतात.

सासरे गेल्यावर सासूबाई गावात एकट्याच राहत होत्या. जिन्यात पडल्या, मनगट मोडलं, तेव्हा नवरा जाऊन त्यांना इकडे घेऊन आला. आम्ही दोघी बोलतो स्पॅनिशमध्ये. माझी स्पॅनिश इथे ऑफिसात आणि बाजारात ऐकून-ऐकून झालेली, व्याकरणाच्या नावाने आनंदीआनंद, पण भांडण्यापुरती पुरते. मुलाशी मात्र त्या कातालानच बोलतात. आणि त्यावरून पहिल्याच आठवड्यात माझं डोकं फिरलं होतं.

त्यांची खोली वरच्या मजल्यावर. मुलाने खालून जेवायला हाक मारली की त्या वरून ओरडायच्या, "जा विंक!" एक दिवस तो घरी नव्हता म्हणून मी हाक मारली, तर मलाही तेच, "जा विंक!" आता मला ऐकू काय येणार? जा! मी इकडे ऑफिसची मीटिंग सोडून, ताट वाढून उभी, आणि ही बाई मला जा म्हणते? त्या खाली आल्या तेव्हा माझं तोंड असं फुगलेलं, की त्यांनी येऊन आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग खुलासा झाला. कातालानमध्ये "जा" म्हणजे आत्ता, लगेच. "विंक" म्हणजे येते. आत्ता येते. मी कपाळावर हात मारून घेतला आणि त्यांना सांगितलं, की आमच्यात जा म्हणजे काय. त्या इतक्या हसल्या की खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

"मग गंमत ऐक," त्या म्हणाल्या. "स्पॅनिशमध्ये हेच 'या वोय' म्हणतात. म्हणजे, आत्ता जाते. तिथे जो बोलावतो त्याच्याकडे जायचं असतं. आमच्या भाषेत त्याच्याकडे यायचं असतं."

मी म्हटलं, "अहो आई, आमच्यात 'या' म्हणजे या!" म्हणजे कातालान माणूस जा म्हणत येतो आणि स्पॅनिश माणूस या म्हणत जातो. आणि आम्ही मराठी लोक दारातून निघताना "येते हं" म्हणतो. तिन्ही भाषांचं त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर पार भरीत झालं. माझी दहा वर्षांची मुलगी आमच्याकडे बघून म्हणाली, "यू गाइज आर सो वीअर्ड," आणि आपली ताटली उचलून टीव्हीसमोर गेली.

तेव्हा मला ही नुसती गंमत वाटली होती. त्यांच्या एका कवितेचा जीव याच शब्दात अडकलाय हे मला माहीत नव्हतं.

ते कळलं हळूहळू, दुपारच्या चहावर. मी घरून काम करते त्या दिवशी मीटिंग संपली की खाली चहा टाकते आणि जिन्याशी उभी राहून ओरडते, "आई, येऊन राहिल्या ना?" हो, अशीच. लिहायला बसले की मी पुणेरी होते, घरात आणि रागात नागपुरी. सुरुवातीला त्यांना फक्त "आई" कळायचं. मग सूर कळायला लागला. माझी मुलगी मला हाक मारते तेव्हा मी जागची न हलता "आली, आली!" म्हणते, ते त्यांनी ऐकलं होतं. एकदा त्यांनी विचारलं, याचा अर्थ काय? मी म्हटलं, "मी आले, पोचले."

"पण तू तर इथेच बसली आहेस."

"हो, पण म्हणायचं असंच."

त्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे निघायच्या आधीच तुम्ही पोचलेल्या असता," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी हाक मारली, तर वरून उत्तर आलं, "आली!" आणि बाईसाहेब पाऊण तासाने उतरल्या. नको ते बरं पटकन शिकल्या.

त्या चहावर त्यांनी सगळं सांगितलं. त्या लहान असताना तिकडे हुकूमशाही होती आणि शाळेत कातालानला बंदी. वर्गात फक्त स्पॅनिश. बाईंनी फळ्याकडे बोलावलं तेव्हा ही पोर उठून म्हणाली, "या वेंगो," म्हणजे आत्ता येते. घरातली कातालान मनात, शब्द तेवढे स्पॅनिश. बाईंनी हात पुढे करायला लावला आणि पट्टी मारली. "या वोय म्हण!" सगळा वर्ग हसला. त्या दिवशी या मुलीने ठरवलं, की मी अशी स्पॅनिश लिहीन की कुणाच्या बापाला त्यात चूक काढता येणार नाही. आणि लिहिली हो! मोठमोठ्या समीक्षकांनी लिहिली नसेल अशी लिहिली. मला हे सांगतानासुद्धा छाती फुगल्यासारखी होते, मी काय केलंय त्यात, काही नाही, तरी होते.

मोठेपणी त्यांचं लग्न झालं एका बस ड्रायव्हरशी. तो दक्षिणेकडून पोटासाठी आलेला, स्पॅनिशच बोलणारा. त्याला कातालान समजायची, वाचायला यायची नाही. मग सासूबाई प्रत्येक कविता दोनदा लिहायला लागल्या. एकदा स्वतःच्या भाषेत, एकदा त्याच्या. मी एकदा "अनुवाद" म्हटलं तर असे डोळे वटारले! अनुवाद नाही, तीच कविता पुन्हा पहिल्यापासून जन्माला घालायची. स्पॅनिशमधली आधी सासऱ्यांना वाचून दाखवायची. ते बसचा युनिफॉर्म न काढता ऐकायचे आणि फक्त "हं" म्हणायचे. तो "हं" कसा आहे यावरून यांना कळायचं, कविता झाली की नाही. पुढे पुस्तकं आली तेव्हा कातालानवाले म्हणाले, ही बाई स्पॅनिशमध्ये कशाला लिहिते, फितूर आहे. माद्रिदवाले म्हणाले, एवढी चांगली स्पॅनिश येते तर त्या खेड्यातल्या भाषेत कशाला वेळ घालवते. दोन्हीकडून बोलणी खाल्ली आणि दोन्हीकडे लिहीत राहिल्या. याला म्हणतात हिंमत.

संध्याकाळी फिरायला जायचं म्हणून सासरे रस्त्यावरून हाक मारायचे, "येतेस ना?" आणि या खिडकीतून ओरडायच्या, "या वेंगो!" तीच शाळेतली चूक. जगासमोर कधी केली नाही, फक्त नवऱ्यासमोर. "त्याने कधीही सुधारली नाही," त्या म्हणाल्या. "त्याला ती आवडायची. तू येतेस ते बरं, म्हणायचा, तुझं जाणं मला नको." मग या अजून एक ओळ लिहून घ्यायच्या आणि ते खाली वाट बघत उभे राहायचे.

ते गेल्यावर त्यांनी एकच कविता लिहिली. जिन्याची, खिडकीची, खालच्या हाकेची. शेवटची ओळ, "जा विंक." आत्ता येते. ती फक्त कातालानमध्ये आहे. जन्मभर ज्याच्यासाठी दुसरी कविता लिहिली, नेमकी त्याचीच कविता त्याच्या भाषेत नाही. शेवटी "या वोय" लिहावं तर ते त्या त्याला कधी म्हणाल्याच नव्हत्या. "या वेंगो" लिहावं तर छापील पुस्तकात चूक, आणि ती पट्टी अजून हातावर. तिथे त्या अडकल्या आणि त्यानंतर एक ओळ लिहिली नाही. आमच्याकडे आल्यापासून वरच्या खोलीतलं टेबल मी रोज पुसायची, त्यावर कागद कधी दिसला नाही.

असं असताना आमच्या इथल्या लायब्ररीतून मला फोन आला. मीच त्यांना सासूबाईंची पुस्तकं नेऊन दिली होती, अर्थात. स्पॅनिश कवितांची संध्याकाळ होती. संयोजक मोठा नम्र माणूस, त्याची घरची भाषा स्पॅनिशच. म्हणाला, आम्हाला फार आनंद होईल, स्क्रीनवर आम्ही स्पॅनिश आणि इंग्लिश दोन्ही दाखवू. सासूबाई म्हणाल्या, कातालान वाचू देत असतील तर येते. मी परत फोन करून कळवलं, तर तो म्हणाला, कातालान कुणाला कळणार नाही, पण एखादी चालेल, मात्र तिचं स्पॅनिश स्क्रीनवर पाहिजे. मी फोन ठेवला आणि वर जाऊन सांगितलं. त्यांनी कपाटातून जिन्याची ती कविता काढली. मग म्हणाल्या, "मग तीच वाचते. नाही तर आता कधी होणार नाही."

पुढचे दिवस घरात परीक्षा असल्यासारखे गेले. टेबलावर कागद आले आणि कचऱ्याच्या टोपलीतही आले. सगळी कविता स्पॅनिशमध्ये झाली, शेवटची ओळ सोडून. मुलीने इंग्लिश करून दिलं आणि म्हणाली, "मॉम, इट्स जस्ट 'आय अ‍ॅम कमिंग'. व्हॉट्स द बिग डील?" कार्टे, तुला काय माहीत!

शेवटी एका चहावर मी त्यांना माझं सांगितलं, जे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. नागपूरहून पुण्याला शिकायला गेले तेव्हा होस्टेलवर मी मैत्रिणीला म्हटलं, "थांब, मी येऊन राहिली आहे." झालं. वर्षभर माझं नावच ते पडलं. मेसमध्ये गेले की मागून आवाज, "येऊन राहिली, येऊन राहिली!" मी इतकी शरमले, की सुट्टीत घरी आईशीसुद्धा पुणेरी बोलायला लागले. आई म्हणाली, "काऊन गं, पाहुणी आहेस काय?" तिचा चेहरा मला अजून दिसतो. "तिची चूक नव्हती, माझीही नव्हती," मी सासूबाईंना म्हटलं. मला चक्क रडू आलं. "आमच्या घरात असंच येतात."

त्यांनी माझा हात धरला, उलटा केला आणि तळव्यावर आपलं बोट हलकेच आपटलं, पट्टीसारखं. मग वर गेल्या. संध्याकाळी मला कागद दिला. शेवटच्या ओळीत स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, "या वेंगो." मी स्वतः टाईप करून लायब्ररीत पाठवलं.

कार्यक्रमाला मी मंडळातल्या सगळ्यांना ओढून नेलं. स्वयंपाकाचं विचारणाऱ्या पुण्याच्या काकू माझ्या शेजारीच, पैठणी नेसून. सासूबाई निळ्या ड्रेसमध्ये उभ्या राहिल्या, मनगट अजून थोडं आखडलेलं. आधी जुन्या कविता वाचल्या. काय वाचतात! हॉलमध्ये चिटपाखरूही हलेना. काकू मला कोपराने ढोसत म्हणाल्या, "अगं, कळत काही नाही, पण काय गोड वाटतंय." मी मान अशी ताठ केली की दुसऱ्या दिवशी दुखली.

मग ती कविता. कातालानमध्ये त्या शेवटपर्यंत गेल्या, "जा विंक" म्हणाल्या, आवाज जरासुद्धा हलला नाही. मग स्पॅनिश सुरू केली. त्या कागदावरून वाचत होत्या आणि मागे स्क्रीनवर ओळी येत होत्या. शेवटच्या ओळीआधी त्या थांबल्या आणि सहज मागे वळून पाहिलं.

स्क्रीनवर होतं, "या वोय."

त्या भल्या माणसाने टायपिंगची चूक समजून दुरुस्त केली होती. चांगल्याच मनाने केली होती, त्याची काही चूक नाही हे मला आज कळतं. तेव्हा मला त्याचा गळा धरावासा वाटला. सासूबाई स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग कागदाकडे. ओठ हलले, आवाज आला नाही. त्यांचा उजवा हात मिटला, मुठीसारखा, आणि मी तो ओळखला. ती फळ्यासमोरची पोर होती. लोकांना वाटलं, म्हातारीला भरून आलं. कुणीतरी मदत म्हणून टाळी वाजवायला सुरुवात केली. अजून एक क्षण गेला असता तर त्या वाकून खाली बसल्या असत्या आणि ती कविता पुन्हा कधीही झाली नसती.

मी उभी राहिले. संयोजकाला चार शब्द सुनावायचे म्हणूनच उभी राहिले होते, खरं सांगते. पण तोंडातून निघालं ते जिन्याशी उभी असल्यासारखं, मोठ्यांदा, सगळ्या हॉलमध्ये, पुण्याच्या काकूंच्या कानाशी:

"आई, येऊन राहिल्या ना?"

त्यांनी मला शोधलं. चेहरा कसा सैल झाला ते मला सांगता येणार नाही.

"आली!" त्या म्हणाल्या. मग कागद खाली ठेवला, स्क्रीनकडे पाठ केली, आणि एकेक अक्षर नीट उच्चारून म्हणाल्या, "या वेंगो."

सासऱ्यांच्या त्या हाकेला त्यांच्या भाषेत उत्तर मिळालं. माझा नवरा, कविता न वाचणारा माणूस, पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून बसला होता आणि त्याच्या घशातून एकच आवाज आला, "हं."

काकूंनी बाहेर पार्किंगमध्ये मला जवळ घेतलं. "तुझ्या सासूबाई म्हणजे काय गं," एवढंच म्हणाल्या. स्वयंपाकाचं काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चहा टाकला आणि जिन्याशी जाऊन हाक मारली, "आई, येऊन राहिल्या ना?" वरून लगेच उत्तर आलं, "आली!" चांगलं ठणठणीत. मी दोन कप भरले आणि बसले. जिना वाजला नाही. माझा चहा पिऊन झाला, त्यांच्या कपावर साय धरली. मी जिन्याच्या अर्ध्यात जाऊन पाहिलं, दार उघडं होतं. मग तशीच खाली आले आणि पुन्हा हाक मारली नाही. वर त्या लिहून राहिल्या होत्या.